‘लक्ष ठेवा’ म्हणजे नक्की काय बघायचं?

प्रश्न : माझा मुलगा दीड वर्षाचा आहे, वजन 10 किलो. गेल्या महिन्यात एका संध्याकाळी त्याला उलट्या आणि जुलाब सुरू झाले. दवाखान्यात दाखवलं. ‘विषाणूमुळे आहे, आपोआप बरं होईल, भरपूर पातळ पाजा आणि लक्ष ठेवा’ एवढं सांगून ओआरएसचं पाकीट दिलं. रात्री तो तहानेनं रडायला लागला म्हणून अर्धा पेला ओआरएस पाजलं. घटाघट प्यायला आणि पाच मिनिटांत सगळं उलटून टाकलं. पुन्हा दिलं, पुन्हा तेच. मग घरातले सगळे म्हणाले, पोटाला जरा आराम दे, काही देऊ नकोस. पहाटे तो रडायचा थांबला, झोपी गेला. मला वाटलं उतार पडला. सकाळी उचललं तर मान टाकलेली, डोळे खोल गेलेले. दोन दिवस सलाईनवर होता. आता खेळतोय, पण माझ्या मनातून ती रात्र जात नाही. मी लक्ष ठेवलं होतं हो. नेमकं काय बघायला हवं होतं? पुन्हा अशी वेळ आली तर घरी काय करू?

ता. क. – त्याला ओआरएसची चव आवडत नाही. आणि चार दिवसांपूर्वी मोठ्या मुलीसाठी कालवलेलं ओआरएस अर्धी बाटली फ्रीजमध्ये शिल्लक आहे. ते ठेवू का?

उत्तर : ताई, ‘मी लक्ष ठेवलं होतं हो’ हे वाक्य मी तीनदा वाचलं. ठेवलंच होतंत. रात्रभर जागून त्याच्याकडे बघत होतात. काय बघायचं, ते मात्र तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. ‘भरपूर’ म्हणजे किती, ‘पाजा’ म्हणजे कसं, हेही नाही. ही चूक सांगणाऱ्याची असते, ऐकणाऱ्याची नाही.

हे मी उंटावरून शेळ्या हाकत म्हणत नाही. शिकाऊ डॉक्टर होतो तेव्हा गर्दीच्या वेळी एका आईच्या हातात पाकीट ठेवून मी म्हणालो होतो, ‘हे पाण्यात घालून पाजत राहा.’ किती पाण्यात, ते सांगितलं नाही. तिनं 1 लिटरचं अख्खं पाकीट एका पेल्यात कालवलं. ते खारट पाणी पिऊन मूल आणखी तहानलं, आणखी रडलं, म्हणून तिनं आणखी पाजलं. रक्तातलं मीठ वाढलेलं ते बाळ वेळेत परत आलं म्हणून बरं झालं. त्या बाईनं माझं सांगणं शब्दशः पाळलं होतं. तेव्हापासून पाकीट नुसतं हातात देणं मी सोडलं. ‘माझ्यासमोर कालवून दाखवा’ असं म्हणतो. पहिल्यांदा लोकांना हसू येतं, पण दहातल्या दोघातिघांचं प्रमाण तिथंच चुकतं.

आता तुमच्या रात्रीकडे येऊ. अर्धा पेला उलटून पडला, कारण चिडलेल्या जठराला तो एकदम झेपला नाही. तहानलेलं मूल अधाशासारखं पितं, जठर एकाएकी ताणलं जातं आणि बाहेर फेकतं. द्रव बरोबर होता, पाजणंही बरोबर होतं, फक्त माप चुकलं. त्यावर ‘पोटाला आराम’ हा उपाय पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो आणि तो ऐकायला फार शहाणपणाचा वाटतो. पण त्या वेळात मुलाचं आतडं काही आराम करत नसतं. जुलाबावाटे पाणी आणि क्षार जातच असतात. खर्च चालू आणि जमा बंद, अशी ती रात्र गेली.

पुढच्या वेळी असं करा. उलटी झाली की 10 मिनिटं थांबा. मग 5 मिलिलिटर द्या, म्हणजे औषधाच्या बाटलीबरोबर येणाऱ्या मापातला एक छोटा चमचा. स्वयंपाकघरातला चमचा नको, प्रत्येकाचं माप वेगळं असतं. दोन मिनिटांनी पुन्हा 5. पुन्हा दोन मिनिटांनी 5. तो रडला, पेला ओढायला लागला तरी एवढंच. समोर घड्याळ ठेवा. बिनसुईची सिरिंज असेल तर आणखी सोपं : गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडायचं, घशात पिचकारी मारायची नाही, नाहीतर ठसका लागतो.

एवढ्याशा चमच्यानं काय होणार, असं वाटेल. हिशोब करून बघा. दर दोन मिनिटांनी 5 मिलिलिटर म्हणजे तासाला 150. चार तासांत 600. तुमच्या 10 किलोच्या मुलाच्या अंगातलं पाणी वजनाच्या 5 टक्के घटलं तर ती तूट होते 500 मिलिलिटर. म्हणजे मध्यरात्री बारा ते पहाटे चार एवढ्या वेळात एका छोट्या चमच्यानं अर्ध्या लिटरची भरपाई होऊ शकते, तीही सुईशिवाय. मधे एखादी उलटी झाली तरी सगळं फुकट जात नाही, प्यायलेल्यातलं काही तोवर पुढं आतड्यात उतरलेलं असतं. पुन्हा 10 मिनिटं थांबायचं आणि आणखी सावकाश सुरू करायचं. तासभर उलटी न होता गेला की चमचे दोन करा, अंतर वाढवा. उलट्या थांबल्यावर प्रत्येक पातळ जुलाबानंतर, दोन वर्षांखालच्या मुलाला 50 ते 100 मिलिलिटर आणि दोन ते दहा वर्षांच्या मुलाला 100 ते 200 मिलिलिटर, हे साधारण माप.

हे कंटाळवाणं काम आहे. एकट्या माणसानं चार तास करण्यासारखं नाहीच. तासातासानं पाळी बदला. घरातले जे ‘काही देऊ नकोस’ म्हणत होते, त्यांच्याच हातात चमचा द्या. सल्ला देणाऱ्याला काम मिळालं की सल्ला आपोआप कमी होतो, असा माझा अनुभव आहे.

घरच्या माणसांच्या हातून हे होतं का, ही शंका तुम्हालाच आली असं नाही, एके काळी वैद्यकशास्त्रालाही होती. 1971 साली बांगलादेशच्या मुक्तियुद्धात लाखो निर्वासित सीमा ओलांडून भारतात आले. सीमेजवळच्या बनगावच्या छावणीत कॉलऱ्याची साथ होती आणि सलाईन संपत आलं होतं. दिलीप महालनबीस या बालरोगतज्ज्ञानं मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचं मिश्रण पिंपांतून ठेवलं आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच ते पाजायला लावलं. त्यांच्या देखरेखीखालच्या रुग्णांमधलं मृत्यूचं प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्याही खाली आलं. पाजणारे आईबाप, भाऊ, शेजारी होते, प्रशिक्षित कुणी नव्हतं. पण त्यांना काय आणि कसं पाजायचं ते जागेवर दाखवलेलं होतं.

मिश्रण इतकं काटेकोर का लागतं, तेही समजून घ्या, म्हणजे प्रमाण लक्षात राहील. आतड्याच्या अस्तरातून सोडियम आणि ग्लुकोज जोडीनं आत शिरतात आणि त्यांच्यामागोमाग पाणी ओढलं जातं. जुलाब चालू असतानाही ही वाट बहुधा उघडी राहते. नुसत्या पाण्यात ही जोडी नाही. त्यातून क्षार मिळत नाहीत, आणि जुलाब होणाऱ्या मुलाला तेच खूप पाजलं तर रक्तातलं सोडियम उतरून झटके येऊ शकतात. फळांचा रस आणि बाटलीबंद गोड पेयं यांत उलटा घोळ : साखर इतकी जास्त की ती शरीरातलं पाणी आतड्यात खेचते आणि जुलाब वाढतात. खेळाडूंची पेयंही याच रांगेत बसवा, ती घाम गाळणाऱ्या मोठ्या माणसांसाठी आहेत. पाकिटावरच्या मोठ्या नावाला भुलू नका, मागची बारीक अक्षरं वाचा. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या 2002 पासूनच्या सूत्रात 1 लिटरला सोडियम क्लोराइड 2.6 ग्रॅम, ग्लुकोज 13.5 ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड 1.5 ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट 2.9 ग्रॅम असतं. हे आकडे जुळले तर ते ओआरएस.

पाकीट जेवढ्या पाण्याचं तेवढ्याच पाण्यात आणि अख्खं कालवायचं. 1 लिटरचं असतं तसं 200 मिलिलिटरचंही असतं, त्यामुळे आधी वाचा. ‘आत्ता अर्धं, उद्या अर्धं’ करू नका, पाकिटातली पूड सगळीकडे सारखी मिसळलेली असेलच असं नाही. पाणी आधी उकळून गार केलेलं किंवा पिण्याचं स्वच्छ असावं. कालवल्यावर पुन्हा उकळायचं नाही, वरून साखर घालायची नाही, दुधात किंवा रसात कालवायचं नाही. मग स्वतः एक घोट घ्या. अश्रूंपेक्षा खारट लागलं तर काहीतरी चुकलंय, ओतून टाका.

पाकीट नसेल तर 1 लिटर पाण्यात सपाट 6 छोटे चमचे साखर आणि सपाट अर्धा छोटा चमचा मीठ, असं घरचं पाणी चालतं. ते मात्र पाकीट मिळेपर्यंतच. त्यात पोटॅशियम नसतं, आणि मुख्य म्हणजे घाईत साखरेचा आणि मिठाचा आकडा उलटासुलटा होतो. पहाटे तीन वाजता हे प्रमाण बरोबर आठवेल याची खात्री मला स्वतःबद्दलही नाही. त्यापेक्षा दोन पाकिटं घरात असू द्या, मुदतीची तारीख बघून.

बघायचं काय, या तुमच्या खऱ्या प्रश्नावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय.

पहिली गोष्ट लघवी. बाकी सगळ्या खुणांवर वाद घालता येतो, लघवीच्या वेळेवर नाही. शेवटची लघवी किती वाजता झाली, हे कागदावर लिहा. डायपर असेल तर पाण्यासारख्या जुलाबात लघवी कळत नाही, आणि हल्लीचे डायपर इतकं शोषून घेतात की भरलेलाही कोरडा लागतो. कोरडा आणि वापरलेला असे दोन डायपर दोन हातांत घेऊन वजन बघा, किंवा पुढच्या बाजूला कापसाचा बोळा ठेवा. 6 ते 8 तासांत लघवी झाली नसेल तर घरचे प्रयोग थांबवून डॉक्टरांकडे जायचं. थोडी होतेय पण गडद पिवळी, तर चमच्याचा वेग वाढवायचा.

दुसरी, तोंड. ओठांवर जाऊ नका. नाक चोंदलेलं मूल तोंडानं श्वास घेतं आणि ओठ कोरडे पडतातच. स्वच्छ धुतलेलं बोट गालाच्या आत फिरवा. ओलसर, बुळबुळीत लागलं तर ठीक, चिकट किंवा कोरडं लागलं तर पाणी कमी पडतंय. रडताना डोळ्यांत पाणी येतंय का, तेही बघा. अगदी तान्ह्या बाळांना एरवीही अश्रू येत नाहीत, त्यांच्या बाबतीत ही खूण सोडून द्या. लहान बाळाची डोक्यावरची मऊ टाळू खोल गेली आहे का, हे ते शांत आणि बसतं असताना बघावं.

डोळे खोल गेलेत का, हे आम्ही डॉक्टरसुद्धा आईलाच विचारतो, कारण काही मुलांचे डोळे मुळातच खोल असतात. तुमचं मूल रोज कसं दिसतं, ते तुम्हाला माहीत, मला नाही. ‘आज वेगळा दिसतोय’ हे आईचं वाक्य तपासणीतली एक नोंद असते. ते संकोच न करता म्हणा.

पोटावरची कातडी बेंबीच्या बाजूला हलकेच चिमटीत धरून सोडण्याची परीक्षा तुम्ही ऐकली असेल. कातडी सावकाश सपाट झाली तर पाणी कमी, दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला तर फारच कमी. पण गुटगुटीत बाळात ती खोटी आशा दाखवते आणि हडकुळ्या मुलात खोटी भीती. म्हणून मी तिला शेवटचा नंबर देतो.

आता पहाटेची ती वेळ. तो रडायचा थांबला आणि तुम्हाला हायसं वाटलं. मला वाटतं, तुमच्या मनातून जात नाही ती हीच गोष्ट. पाणी कमी व्हायला लागलं की मूल आधी किरकिरं होतं, तहानेनं कासावीस होतं, पाण्यावर झडप घालतं. त्याच्याही पुढं गेलं की ते गप्प पडतं. बरं वाटून झोपलेलं मूल आणि असं गप्प पडलेलं मूल, बाहेरून दोन्हींत ‘आता शांत झालं’ एवढंच दिसतं. फरक ओळखायचा तो असा : बरं वाटून झोपलेलं मूल हलवलं की कुरकुरतं, हात झटकतं, डोळे उघडून तुमच्याकडे बघतं, चमचा लावला तर गिळतं. मलूल पडलेलं मूल उठतच नाही, किंवा उठलं तरी नजर स्थिरावत नाही, चमचा ओठांवरून ओघळतो. म्हणून आजारी मुलाला रात्री दर दोन-तीन तासांनी उठवायचं, झोपमोड झाली तरी. ‘झोपलाय, झोपू दे’ हा सल्ला त्या एका रात्रीपुरता बाजूला ठेवा. हे तुम्हाला माहीत नव्हतं, आणि माहीत असायला तुम्ही काही बालरोगतज्ज्ञ नव्हतात.

वाट न बघता निघायचं कधी, तेही आधीच ठरवून ठेवा, कारण ऐन वेळी सगळेच ‘सकाळपर्यंत बघू’ म्हणतात. मूल उठत नाही किंवा पिऊ शकत नाही. चमच्यानं देऊनही सगळं उलटतंय. हातपाय गार पडलेत, श्वास जोरात चालतोय, झटका आला. शौचातून रक्त पडतंय. उलटी हिरवी आहे. पोट फुगलंय किंवा हात लावू देत नाही. यातलं एकही दिसलं तर तडक निघा, आणि ते जागं असून गिळत असेल तर वाटेतही चमचा चालू ठेवा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उलट्या-जुलाब झाले तर एवढंही थांबू नका, पहिल्या काही तासांतच दाखवा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 38 अंश सेल्सियस किंवा त्याहून जास्त ताप असेल तर तेवढ्या एका कारणासाठीही.

खाण्याचं थोडक्यात सांगतो. अंगावरचं दूध एक वेळही बंद करायचं नाही, उलट जास्त वेळा पाजा. वरचं पावडरचं दूध पातळ करायचं नाही. उलट्या आवरल्या की नेहमीचं जेवण, थोडं थोडं, जास्त वेळा. उपाशी ठेवल्यानं जुलाब थांबत नाहीत, आतड्याची झीज भरून यायला मात्र उशीर होतो. डॉक्टरांनी जस्ताचं, म्हणजे झिंकचं औषध दिलं असेल तर जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी ते 10 ते 14 दिवस पूर्ण द्या. मोठ्यांच्या जुलाब बांधणाऱ्या गोळ्या मुलाला कदापि नको. त्यानं शौच थांबलेलं दिसतं, पण आतडी मंदावतात आणि ते धोक्याचं असतं. घरात उरलेलं प्रतिजैविकही नको, विषाणूवर त्याचा उपयोग नाही.

जुलाब नसतानाही, नुसत्या ताप-खोकल्यात किंवा तोंड आल्यावर मूल कोरडं पडू शकतं. तापात घामातून आणि जोरात चालणाऱ्या श्वासातून पाणी जातं, आणि गिळताना दुखतं म्हणून ते पीत नाही. इथं ओआरएसच हवं असा हट्ट नको, त्याला जे पातळ आवडतं ते चालेल. आंबट टाळा, ते तोंडातल्या फोडांना झोंबतं. डॉक्टरांनी वजनाप्रमाणे ठरवून दिलेला पॅरासिटामॉलचा डोस देऊन अर्ध्या तासानं पाजायला घ्या. दुखणं उतरलेलं मूल बरंच पितं. लघवीचा नियम मात्र इथंही तोच.

एक काम या रविवारी करा, मूल ठणठणीत असतानाच. जो जो कधी त्याला सांभाळतो, आजी, आजोबा, त्याचे बाबा, सांभाळणाऱ्या ताई, सगळ्यांना बसवा. 1 लिटरची बाटली मापून घ्या आणि पातळीवर चिकटपट्टी लावा. प्रत्येकाला पाकीट वाचायला, कालवायला आणि चाखायला लावा. तुम्ही करून दाखवायचं आणि त्यांनी मान डोलवायची, असं नको. त्यांनी करायचं आणि तुम्ही हाताची घडी घालून बघायचं. मग प्रत्येकाला एकच विचारा : ‘तो रात्री शांत झोपला तर तू काय करशील?’ एक रिकामा तक्ता फ्रीजवर लावा. वेळ, किती पाजलं, उलटी, जुलाब, लघवी, एवढे पाच रकाने पुरेत. घरात वजनकाटा असेल तर आजाराच्या पहिल्या दिवशी मुलाचं वजनही लिहून ठेवा. दवाखान्यात गेलात तर तो कागद पुढं करा. ‘खूप जुलाब झाले, काहीच पीत नाही’ यापेक्षा त्या पाच रकान्यांतून आम्हाला कितीतरी जास्त कळतं. आणि डॉक्टर पुन्हा ‘भरपूर पाजा’ म्हणाले, तर ‘किती मिलिलिटर आणि किती वेळानं?’ असं विचारा. त्यात उद्धटपणा काही नाही.

चवीचं. गार केलेलं ओआरएस बऱ्याच मुलांना चालतं. बर्फाच्या साच्यात गोठवून, किसून तो चुरा चमच्यानं भरवला तरी चालतं. एक गंमत अशी की अंगात पाणी खरंच कमी असलेलं मूल हे खारट-गोड पाणी बहुतेक वेळा आवडीनं पितं, आणि पुरेसं पाणी असलेलं तोंड फिरवतं. तेव्हा हसतखेळत, लघवी नीट होत असताना तो नको म्हणत असेल, तर मागे लागू नका. मलूल पडून नको म्हणत असेल, तर ती निघायची वेळ.

फ्रीजमधली ती अर्धी बाटली आजच ओतून टाका. कालवलेलं ओआरएस 24 तासांपुरतंच.